शेजारच्या घरातला वार्ताहर

देशातला जवळजवळ प्रत्येक मोठा नेता प्रभाकरभाऊ टेंभेकरांनी ऐकला, पण धड पाहिले असतील ते फार थोडे. कारण सभेत भाऊ व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहायचे. आम्ही फोटोवाले पुढे एकमेकांच्या बरगड्यांत कोपर खुपसून नेत्याचा हात वर जायची वाट बघत असू, आणि भाऊ थेट मागे, बांबूच्या कठड्यापाशी, शेंगदाणेवाल्याच्या गाडीजवळ लोकांकडे तोंड करून. मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊ, एवढा दिल्लीचा माणूस येते अन तुम्ही त्याच्याकडे पाहत बी नाही." तर म्हणाले, "त्याले पाहाले तू हायेस ना. तो काय बोलते ते भोंग्यातून ऐकू येते. पब्लिक कवा चुळबूळ करते ते मले पाहू दे." मग त्यांनी शेंगदाणेवाल्याकडे बोट दाखवलं. त्यानं गाडी हलवायला घेतली होती. भाषण अजून बरंच बाकी होतं, पण भाऊंच्या लेखी सभा संपली होती, आणि खरोखरच थोड्या वेळात मागच्या सतरंज्या रिकाम्या दिसायला लागल्या.

भाऊ नागपूरच्या एका दैनिकाचे यवतमाळ जिल्ह्याचे वार्ताहर होते. उभी हयात तेच काम केलं आणि तोच जिल्हा सांभाळला. उंच, किडकिडीत माणूस. खांद्याला झोळी, झोळीत पंचा, एक जास्तीचा सदरा आणि वहिनींनी बांधून दिलेल्या पोळ्या. वडील तहसिलीत कारकून, थोरले दोघे सरकारी नोकरीत, आणि हे एकटेच 'पेपरात'. लग्न ठरताना मुलीकडच्यांनी विचारलं होतं म्हणे, पेपरात म्हणजे छापखान्यात खिळे जुळवतात का? वहिनी ही गोष्ट आल्यागेल्याला भाऊंच्या समोरच सांगायच्या, आणि भाऊ निमूटपणे चहा बशीत ओतत राहायचे.

माझा यवतमाळात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो हे पोटापाण्याचं काम. पेपरासाठी फोटो काढणं ही हौस, आणि या हौसेनं पोटापाण्याच्या कामाचे किती मुहूर्त चुकवले ते माझ्या घरच्यांना विचारा. भाऊंनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "चाल बे फोटो," एवढंच. मी स्कूटर काढायचो आणि भाऊ मागे बसून झोळी मांडीवर घ्यायचे.

विशेषणांवर भाऊंचा भारी राग. आमच्यातल्या एका नव्या वार्ताहरानं लिहिलं होतं की, अमुक नेत्यांनी गावकऱ्यांची आपुलकीने विचारपूस केली. भाऊंनी त्याला भर चहाच्या टपरीवर गाठलं. "आपुलकी तुले कुठी दिसली? खिशातून काढून दाखवली का त्यानं?" तो बिचारा म्हणाला, "भाऊ, तसं लिहाचीच पद्धत हाय." "मंग पद्धतीनं विचारपूस केली असं लिहून टाक." टपरीवाला खो खो हसला, आणि तो पोरगा पुढे महिनाभर भाऊ दिसले की रस्ता बदलायचा. भाऊ तिरसट होते हे मी लपवणार नाही. पण त्याच पोराला टायफॉइड झाला तेव्हा त्याच्या नावानं बातम्या लिहून पाठवत होते तेही भाऊच, आणि त्यात त्यांनी मुद्दाम दोन-तीन विशेषणं घातली होती, नागपूरला संशय येऊ नये म्हणून.

पूर्वी आमच्याकडे दिल्लीचे नेते यायचे ते निवडणुकीपुरते. आले, मैदानात बोलले, सर्किट हाऊसवर जेवले, गेले. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. पीक हातचं जायचं, भाव पडायचा, आणि एकेका गावातून घरचा कर्ता माणूस जीव देत असल्याच्या बातम्या यायला लागल्या. आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं ते असं. मग काय, सत्तेतले आले, विरोधातले आले, परवा सत्तेतून विरोधात गेलेलेही आले. बांधकाम खात्याचा हेलिपॅडवर असा हात बसला की, चार दिवस कुणी आलं नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. भाऊ त्या काळात पांढरकवडा, बाभुळगाव, महागाव असे नुसते भिंगरीसारखे फिरत होते.

त्यातलीच बाभुळगावची एक गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. दिल्लीचे एक बडे नेते हवाई पाहणी करून उतरले. पत्रकारांनी त्यांना सगळं दिल्लीचं राजकारण विचारून घेतलं. शेवटी भाऊ उठले आणि आपल्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाले, "साहब, ऊपर से हमारा कपास कैसा दिखा?" नेते खूश झाले. म्हणाले, "बहुत सुंदर. जहाँ तक नज़र जाए, सफ़ेद ही सफ़ेद." आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागलो. कारण तेव्हा कापसाला नुसती पाती, म्हणजे कळ्या, लागत होती, बोंडाचा पत्ता नव्हता, आणि सगळं शिवार हिरवंगार होतं. भाऊंनी "धन्यवाद" म्हटलं आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांनी नेत्यांचं वाक्य जसंच्या तसं दिलं आणि पुढे फक्त लिहिलं, 'तालुक्यात सध्या कपाशी गुडघाभर वाढली असून बोंडे धरण्यास अवकाश आहे.' एवढंच. जिल्ह्यात लोक ते कात्रण खिशात घालून फिरत होते.

बातमी लिहायची त्यांची तऱ्हाही न्यारी. मजकूर डोक्यात जुळवायचा आणि तोंडानं सांगायचा. आधी एसटीडी बूथवरून नागपूरला ओरडून सांगायचे, पुढे ईमेल आल्यावर इंटरनेट कॅफेतल्या मुलीला. आवाज असा की, बाहेर पानाच्या ठेल्यावरच्या लोकांना उद्याचा पेपर आजच कळायचा. "मुख्यमंत्री म्हणाले, दोन टिंबं, उलटे स्वल्पविराम सुरू," असं भाऊ सांगायचे आणि ठेल्यावर कुणी तरी म्हणायचं, "आता सुरू झाले बाप्पा, ऐका." एकदा तर ठेलेवाल्यानंच आत येऊन सांगितलं, "भाऊ, ते मंत्री कॅबिनेट नाहीत, राज्यमंत्री हायेत." भाऊंनी ताबडतोब दुरुस्ती करायला लावली.

या माणसाची एक इच्छा होती, आणि ती त्यांच्या तिरसटपणात बसत नसल्यामुळे मला तिचं अप्रूप वाटायचं. त्यांना एखाद्या राष्ट्रीय नेत्याशी एकदा समोरासमोर बसायचं होतं. मध्ये पीए नाही, जिल्हाध्यक्ष नाही, घड्याळाकडे बघणारा कुणी नाही. आयुष्यभर त्यांनी नेत्यांना भोंग्यातून आणि गर्दीतून ऐकलेलं. "काय विचाराल?" मी पुन्हा पुन्हा खोदून विचारायचो. एकदा म्हणाले, "काहीच नाही विचारणार. गप्प बसीन. समोरचा गप्प बसला की मोठा माणूस घाबरते, अन घाबरला की खरं बोलते." दिल्लीच्या कचेऱ्यांना त्यांनी कितीदा कळवलं असेल कोण जाणे. उत्तर यायचं ते, 'आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे.'

आता त्यांची खरी खोड सांगतो. नेता ज्या घरी सांत्वनाला जाणार, त्या घरात भाऊ पाऊल टाकायचे नाहीत. त्याच्या शेजारच्या घरात जाऊन बसायचे, आणि तेही सकाळपासून. मी सुरुवातीला वैतागायचो. फोटो तिकडे आणि आपण इकडे परक्याच्या ओसरीत चहा पीत. भाऊ म्हणायचे, "फोटो, त्या घराले आज रंग हाय, नवीन पंखा हाय, कलेक्टरनं पाठवलेल्या खुर्च्या हायेत. ते घर आज ते घरच नाही. गाव पाहाचं असंन त शेजारी बस." आणि खरंच, शेजारी बसून त्यांना जे कळायचं ते आम्हाला पाच कॅमेऱ्यांनी कळत नसे. नेता गेल्यावर तो पंखा परत नेतात, हे सगळ्यात आधी त्यांनीच छापलं होतं.

ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे तो दिवसही असाच सुरू झाला. गाव पांढरकवड्याकडचं, मोठा रस्ता सोडून आत. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं आहे.

दिल्लीचे एक फार मोठे नेते येणार होते. मारुतीच्या पारासमोर शांताबाईचं घर. तिचा नवरा दोन महिन्यांपूर्वी गेलेला. आम्ही तिच्या शेजारी, विमलबाईच्या घरी बसलो. विमलबाई पस्तिशीची, बोलकी बाई. चूल फुंकता फुंकता भाऊंना सगळं सांगत होती. तिचा नवरा देवराव सकाळीच भाकर बांधून वावरात गेला होता. "हे बोलतच नाहीत जी आताशा," ती म्हणाली. "बाजूच्यांचं झालं तवापासून त बिलकुलच नाही. जेवतात, जातात, येतात. मले घरात करमत नाही. काही ना काही निमित्त काढून वावरात चक्कर मारून येते." भाऊंनी विचारलं, "काही बोलले का असं तसं?" ती म्हणाली, "बोलले असते त बरं झालं असतं." मग तिनं चहा गाळला आणि विषय बदलला.

तिच्या घराची पुढची भिंत पांढरीशुभ्र होती. भाऊंचं लक्ष गेलंच. "तुमच्या घरालेही रंग देला का वो सरकारनं?" विमलबाई लाजली. शांताबाईच्या घराला ग्रामपंचायतीनं चुना मारला, त्यातला उरलेला हिनं मागून घेतला आणि स्वतः बसून भिंत रंगवली. "गावात एवढे पाहुणे येऊन राह्यले. आपलंच घर काळं काहून दिसावं?" मला ते ऐकून बरं वाटलं. त्या चुन्यानं पुढे काय होणार आहे हे त्या वेळी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

झालं असं की, पुढे आलेल्या सुरक्षावाल्यांना कुणी तरी सांगून ठेवलं होतं, पारासमोरचं पांढरं घर. आणि पारासमोर आता पांढरी घरं दोन होती. हेलिकॉप्टर उतरलं, गाड्यांचा ताफा आला, लोकांनी एकच रेटा दिला. कलेक्टर, आमदार, तलाठी, घर दाखवायला नेमलेली सगळी माणसं त्या रेट्यात मागे राहिली. सफारी सूटातल्या दोघा सुरक्षावाल्यांनी नेत्यांना गर्दीतून बाहेर काढलं आणि जे पहिलं पांढरं घर दिसलं त्यात आणलं. म्हणजे आमच्यात.

विमलबाई दारातच उभी होती. मोठा माणूस म्हणून तिनं पदर कपाळाच्या खाली ओढून घेतलेला. कुंकू कुणाला दिसायची सोयच नव्हती. नेते तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बहन, आपके पति के बारे में सुना. बहुत दुख हुआ. हम सब आपके साथ हैं."

आमच्याकडच्या बायकांना हिंदी चांगलं कळतं. विमलबाईनं पदर वर केला. तिचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "कवा?"

नेत्यांना समजेना. ती भाऊंकडे वळली. "भाऊ, हे काय म्हणून राह्यले? सकाळी त भाकर घेऊन गेले होते. कवा झालं? कोणी सांगतलं यायले?"

तिला वाटलं, दिल्लीहून माणूस सांगायला आला आहे. रोज ज्याची धास्ती घेऊन ती जगत होती ते आज घडलं, आणि सगळ्या जगाला कळून शेवटी तिला कळलं. माझे हात कॅमेऱ्यावर होते, पण ते हलले नाहीत. हलायला हवे होते की नको यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. हलले नाहीत हे मात्र खरं.

भाऊ कधीही नेत्याच्या कार्यक्रमात मध्ये बोलत नसत. त्या दिवशी ते उठले. "साहब, इनके पति ज़िंदा हैं," ते म्हणाले. "खेत में गए हैं. आप जिस घर में आने वाले थे, वो बगल में है." मग विमलबाईला म्हणाले, "बाई, काही नाही झालं. घर चुकलं यायचं. देवराव वावरात हायेत."

नेत्यांचा चेहरा उतरला. त्यांच्याबद्दल खोटं सांगणार नाही, त्या माणसाला मनापासून लागलं. त्यांनी पुन्हा हात जोडले, "माफ़ करना, बहन," म्हणाले, आणखी काही म्हणणार होते, पण तेवढ्यात सफारीवाल्यांना चूक कळली आणि त्यांनी त्यांना दंडाला धरून जवळजवळ उचलूनच बाहेर नेलं. बाहेर कॅमेऱ्यांना दिसलं ते एवढंच की, नेते एका घरात गेले आणि लगेच दुसऱ्या घरात गेले.

विमलबाई मात्र थांबलीच नाही. भाऊंनी सांगितलेलं तिच्या कानात शिरलंच नसावं, किंवा शिरूनही विश्वास बसला नसावा. ती मागच्या दारानं निघाली ती अनवाणी, धावत, वावराच्या वाटेनं. आणि भाऊ तिच्यामागे. देशाचा एवढा मोठा नेता शेजारच्या घरात जमिनीवर बसला होता, शंभर कॅमेरे तिकडे लागले होते, आणि आमच्या जिल्ह्याचा सगळ्यात जुना राजकीय वार्ताहर झोळी छातीशी धरून काट्याकुट्यातून धावत होता. मीही धावलो.

देवराव बांधावर बसून भाकर खात होता.

विमलबाई पळसाच्या झाडाआड थांबली. तोंड पुसलं, श्वास आवरला आणि काहीच झालं नाही अशी चालत पुढे गेली. देवरावनं वर पाहिलं. "काहून व? काय झालं?"

"काही नाही. चटणी द्याची राह्यली होती."

"मंग कुठी हाय चटणी?"

विमलबाईनं स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "घरीच राह्यली," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

देवरावनं आमच्याकडे बघितलं. भाऊंना बोलायला दम नव्हता. ते तसेच त्याच्या शेजारी बांधावर टेकले. "पेपरातले हाओत," जरा वेळानं म्हणाले. "कापूस पाहाले आलतो." "पाहा ना जी," देवराव म्हणाला, "पाहासारखं काय हाय त्यात?" पण त्यानं भाकरीचा अर्धा तुकडा मोडून भाऊंपुढे धरला. भाऊंनी तो घेतला. झोळीत वहिनींच्या पोळ्या होत्या त्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. दोघं जेवले. भाऊ त्याला कपाशीचं वाण, पाणी, तुरीचा फुलोरा असलं काहीबाही विचारत राहिले, आणि तो आधी एकेका शब्दात आणि मग थोडं थोडं बोलायला लागला. विमलबाई नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. देवरावनं मान वर केली. "कोण होतं जी?"

"तुमच्या घरी आलते," भाऊ म्हणाले. "तुम्ही नव्हते."

"माह्या घरी? कायले?"

"कापसाचं विचाराले."

देवराव बराच वेळ त्या हेलिकॉप्टरच्या दिशेनं बघत राहिला.

परत येताना विमलबाईनं भाऊंना वाटेत थांबवलं. "भाऊ, हे पेपरात नका देऊ. तुमचे पाय धरते."

"मोठी बातमी हाय बाई," भाऊ म्हणाले. ते उगाच म्हणाले नव्हते. जित्या माणसाच्या बायकोचं सांत्वन करून गेलेला राष्ट्रीय नेता, आणि आत हजर असलेला एकच वार्ताहर. ही बातमी नागपूरच नाही, दिल्लीच्या पेपरांनी पहिल्या पानावर घेतली असती. निवृत्तीला आलेल्या माणसाच्या हाताला एवढं घबाड लागत नाही.

"असंन," ती म्हणाली. "पण त्यायच्या मनात काय हाय ते मी रोज पाहून राह्यली. आपल्यासाठी दिल्लीवाले रडून गेले असं त्यायनं वाचलं, त त्यायले वाटन, सगळं होऊनच गेलं, आता आपलं जाणंच काय ते राह्यलं."

"नाही देत," भाऊ म्हणाले.

संध्याकाळी पांढरकवड्याच्या विश्रामगृहावर नेत्यांचा प्रसिद्धी बघणारा माणूस भाऊंना शोधत आला. भला माणूस होता, घाबरलेला. हिंदीत म्हणाला, "ती गोष्ट बाहेर आली नाही तर साहेब आपले आभारी राहतील. आपण मुलाखत मागितली होती ना? दिल्लीला या. एक तास. फक्त आपण आणि साहेब." ज्यासाठी हा माणूस जन्मभर झुरला ते समोरून चालत आलं होतं, आणि द्यायचं काय, तर जे तो आधीच देऊन बसला होता.

भाऊ म्हणाले, "मैं वैसे भी नहीं लिखनेवाला. पर आपके लिए नहीं. इसलिए दिल्ली भी नहीं आऊँगा."

स्कूटरवर मी त्यांच्याशी भांडलो. रागानं मला नीट गाडीही चालवता येत नव्हती. "लिहाचं नाहीच हाय त मुलाखत काहून सोडता? कोणाचं काय जाते?" भाऊ मागून म्हणाले, "गेलो त ते गप्प राहणं इकल्यासारखं होते बे. मंग ते त्या बाईसाठी राहत नाही." मी म्हटलं, तुम्ही मूर्ख आहात. ते म्हणाले, समोर पाहून चालव.

मूर्खपणाची किंमत लवकरच कळली. नेत्यांचं घर चुकलं अशी कुजबुज पत्रकारांत होतीच. आत काय झालं हे टेंभेकरांना माहीत आहे हेही पसरलं. नागपूरहून संपादकांचा फोन आला. भाऊंनी सांगितलं, "लिहिण्यासारखं काही नाही." संपादक चिडले. पुढच्या मोठ्या दौऱ्याला नागपूरहून तरुण माणूस आला आणि भाऊंकडे बाजारभाव आणि पाऊसपाणी राहिलं. कुणी म्हणालं, टेंभेकरांचं दिल्लीला जमलं. हळदीकुंकवाला कुणी वहिनींना हसून विचारलं, बंगला कुठे बांधता? वहिनींना खरं माहीत होतं, पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. भाऊंना हे सगळं लागलं. एकदा मला म्हणाले, "बाहेरचे बोलतात त्याचं काही नाही. ऑफिसातले बोलले, त्याचं वाईट वाटते." त्यांचा आवाज तसा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

पण त्यांचा खरा घोर वेगळाच होता. पोलिसांकडून रोज सकाळी जिल्ह्यातल्या घटनांची यादी यायची. भाऊ आधी त्यात त्या गावाचं नाव आहे का ते बघायचे, आणि नसलं की मगच चहाला हात लावायचे. किती तरी महिने मी हे बघितलं. त्या गावावरून जाणारा एसटीचा कंडक्टर भेटला की भाऊ काही तरी आडून आडून विचारायचे. तिथे जायला मात्र धजले नाहीत. पेपरवाला पुन्हा दारात उभा दिसला तर देवरावला काय वाटेल, म्हणून.

पुढे भाऊ निवृत्त झाले. त्याच्या काही वर्षांनंतरची गोष्ट. निवडणुकीची सभा होती पांढरकवड्याला, दिल्लीचाच कुणी येणार होता. भाऊ म्हणाले, चाल बे फोटो. आता त्यांना पास नव्हता, पण त्यांना तो लागत कुठे होता? सभा झाली. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही आलूबोंडा खात बसलो होतो, यवतमाळची गाडी लागायची होती. तेवढ्यात दुपट्टा खांद्यावर टाकलेला एक माणूस तरातरा आमच्या टेबलापाशी आला. अंगानं भरलेला, मिशा पिकलेल्या. मी ओळखलं नाही. त्याच्यामागे पदर दातात धरून विमलबाई उभी होती, तिच्यावरून ओळखलं.

"तुम्ही टेंभेकर ना पेपरवाले?" देवराव म्हणाला. "मी कवापासून तुमाले धुंडून राह्यलो. एवढा मोठा माणूस माह्या घरी आला. माह्या घरी! बाजूवालीच्या घरी मंग गेला, आधी माह्या घरी आला. तुम्ही सोता तिथी बसून होते. अन पेपरात काय लिहिलं? तिचंच नाव. माह्या नावाची एक ओळ नाही! काहून?"

भाऊंनी हातातला आलूबोंडा खाली ठेवला.

"गावात लोकं मले खोटं पाडते," देवरावचा आवाज चढला. हॉटेलातले लोक बघायला लागले. "म्हणते, तुह्या घरी दिल्लीवाला कायले येईन? गर्दीच्या रेट्यात घुसला असंन. जवाईबापू हसते. ही म्हणते, भले माणूस हायेत, जाऊ द्या. कायचे भले? आमी काय माणसं नाही का?"

विमलबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. भाऊंनी दोन्ही हात जोडले. "चुकलं माहं, देवराव."

"चुकलं म्हणता! इतक्या वर्षांनी चुकलं म्हणता!"

भाऊ त्यानंतरच्याच उन्हाळ्यात गेले. आजारात मी त्यांना दोन-तीनदा पाहिलं, पण त्यांची आठवण निघाली की मला दिसतात ते त्या हॉटेलातले भाऊ. समोर यवतमाळची गाडी लागली, कंडक्टरनं आवाज दिला, मी झोळी उचलली. भाऊ जागचे हलले नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून देवरावपुढे सरकवली. चेहरा असा फुललेला की, नेते घरी जेवायला आले असते तरी एवढा फुलला नसता.

"बसून बोला जी," ते म्हणाले. "मले काही घाई नाही."